एक सूत मागे

बाबा, तुमची घोडी अजून चुकीच्याच जागी आहे. गिटारच्या पोटावरची ती लाकडी पट्टी, जिच्यावरून सहाही तारा जातात, ती. तुम्ही जिथे चिकटवली तिथेच. पन्नास वर्षांवर झाली, मी ती हलवलेली नाही. हलवता येत नव्हती म्हणून नव्हे. गरम सुरी आणि ओलं फडकं घेतलं तर अर्ध्या तासाचं काम आहे, आणि असलं काम मी आयुष्यात किती वेळा केलं ते मोजायला बसले तर दिवस मावळेल. नाही हलवली, कारण मला ती तशीच पाहिजे होती. इथे जबलपुरात, घमापुरातल्या माझ्या खोलीत, दार उघडलं की समोरच्या भिंतीवर ती गिटार टांगलेली आहे. माझ्याकडे काम शिकायला जो कोणी येतो, त्याचा पहिला धडा तिच्यावर होतो. मी ती खाली काढते, सुरात लावते आणि म्हणते, आता वरच्या पडद्यांवर वाजव. तो मानेवरच्या त्या धातूच्या पडद्यांवर बोटं घोडीकडे नेत वाजवतो. सूर चढतो, बेसूर होतो, त्याचं तोंड वाकडं होतं. मग मी म्हणते, हे माझ्या बाबांचं काम आहे हो. लष्करी सामानाच्या फॅक्टरीत तपासनीस होते. एक सूत, इंचाचा आठवा भाग, इकडचं तिकडे खपायचं नाही त्यांना.

हसतात सगळे. मीही हसते. तुम्हाला वाईट वाटत असेल तर वाटू दे, त्यासाठीच सांगून राहिले.

तुम्हाला आठवतं का हो, तुमच्या खिशात दोन पेन्सिली असायच्या? एक लाल, एक निळी. फॅक्टरीत माल तपासताना चुकला त्याच्यावर लाल फुली, बरोबर निघाला त्याच्यावर निळी बरोबरची खूण. शेपूट जरा वळवलेली, तुमच्या सहीतल्यासारखी. पण त्या पेन्सिली फॅक्टरीच्या फाटकापाशी थांबल्या असत्या तर माझी काही तक्रार नव्हती. तुम्ही घरी येऊन आईच्या पोळीवर पट्टी ठेवायचे. खोटं नाही सांगत. उभं मोजायचे, मग आडवं मोजायचे, आणि म्हणायचे, पाव इंच लांबट आहे. आई म्हणायची, पोटात गेल्यावर गोल होईल, जेवा मुकाट्याने. माझ्या शिवणाच्या टाक्यांवर लाल फुली, माझ्या प्रगतिपुस्तकावर लाल फुली, अंगणातल्या तुळशीच्या कट्ट्याच्या कोपऱ्यावरसुद्धा लाल फुली, कारण गवंड्याने तो काटकोनात बांधला नव्हता. लाल पेन्सिल तुम्ही महिन्याला नवीन आणायचे. निळी एकच होती, माझ्या लहानपणापासून तीच, आणि ती काही झिजत नव्हती.

तरीही मी तुमच्याकडूनच शिकले, हे मी नाकारत नाही. तपासनीस होण्याआधी तुम्ही सुतारखात्यात होते. रंधा कसा धरायचा, पटाशीला धार कशी लावायची, सरस किती पातळ आणि किती गरम पाहिजे, हे तुम्ही मला दाखवलं. घरात मुलगा नव्हता म्हणून दाखवलं असेल, पण दाखवलं. शाळेची बाजाची पेटी मी दुरुस्त केली तेव्हा तुम्ही काही बोलले नाही, म्हणजे खूष असावे असं मी धरून चालले. मग रेल्वे कॉलनीतल्या एका मॅडमची गिटार आली, मान तुटलेली. ती जोडता जोडता मला वेडच लागलं. मानेचा उतार किती, पडदे कुठे, घोडी कुठे, सगळं मी कागदावर उतरवून घेतलं. आणि तेव्हाच मला दिसलं की घोडी हिशोबाच्या जागेवर नाही. मानेच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या हाडाच्या पट्टीपासून बारावा पडदा जितका लांब, तितकीच लांब त्याच्यापुढे घोडी पाहिजे; म्हणजे बारावा पडदा तारेच्या बरोब्बर मधोमध. हिशोब तसा सांगतो. पण मॅडमच्या गिटारीची घोडी एक सूत मागे, म्हणजे मानेपासून लांब होती, आणि जाड तारांकडे त्याहून किंचित जास्त.

मी आठ दिवस त्याच्यावर डोकं खपवलं आणि मग कानाने कळलं. तार दाबली की ती ताणली जाते, आणि ताणली की सूर थोडा चढतो. तो चढलेला सूर खाली आणायला तार थोडी लांब ठेवावी लागते. बस, एवढंच आहे ते. तार मधोमध नुसतं बोट टेकवून छेडली की एक सूर निघतो. बाराव्या पडद्यावर दाबून तोच सूर निघाला तर घोडी बरोबर, चढा निघाला तर घोडी पुढे आहे. ही तपासणी तुमच्या फॅक्टरीतल्या कुठल्याही तपासणीइतकीच पक्की आहे, बाबा. फक्त ती पट्टीने होत नाही.

ते एकाहत्तरच्या लढाईचं वर्ष. फॅक्टरीत रविवारची सुट्टी बंद झाली होती, खिडक्यांच्या काचांना आपण काळा कागद लावला होता, आणि तुम्ही घरी यायचे ते फक्त जेवायला आणि झोपायला. कलकत्त्याहून येणाऱ्या गिटारी यायच्या बंद झाल्या. कमानिया गेटाजवळ वाद्यांचं दुकान होतं, त्याच्या म्हाताऱ्या मालकांना सगळे चाचा म्हणायचे. मॅडमची जोडलेली गिटार त्यांनी बघितली आणि मला म्हणाले, "बिटिया, एक पूरी गिटार अपने हाथ से बना के लाओ। सुर में निकली तो दुकान में बैठने की जगह तुम्हारी।" बावीस वर्षांची होते मी. दुकानातली ती जागा म्हणजे माझं अख्खं आयुष्य होतं. दुसऱ्या कोणी मला असं विचारलं नव्हतं, आणि नंतरही कोणी विचारलं नाही.

फॅक्टरीच्या रद्दी लाकडाच्या लिलावातून तुम्हीच देवदाराच्या फळ्या घेऊन दिल्या, पोटासाठी. मान मी तीन पट्ट्यांची केली. मधे साग, दोन्ही बाजूंना तुनाचं हलकं लाकूड, आणि मधल्या पट्टीचे रेषे उलट्या दिशेला. एक लाकूड वाकायला लागलं तर दुसरं त्याला आवरेल, असा माझा विचार. तुम्ही बघितलं आणि म्हणाले, "तुकडे जोडून मान करतात काय? वाकेल उन्हाळ्यात. दोन वर्षं नाही टिकायची." मी म्हटलं, नाही वाकणार. तुम्ही म्हणाले, "अच्छा." तुमच्या त्या अच्छाने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घोडीवरून तर चार दिवस भांडण झालं. तुम्ही तपकिरी कागदावर मापाचं ड्रॉइंग काढून भिंतीला लावलं आणि म्हणाले, दुप्पट म्हणजे दुप्पट. मी म्हटलं, मॅडमच्या गिटारीत एक सूत मागे आहे. तुम्ही म्हणाले, "लाकूड आकसलं असेल, नाही तर बनवणारा दारू पिऊन बसला असेल." आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काहून भांडून राहिले तुम्ही दोघं? इथे लोक लढाईची बातमी ऐकून राहिले अन् तुमचं सुताचं चालू!" मी तुमचं ऐकलं नाही. माझ्या मापाने घोडी चिकटवली, एक सूत मागे.

आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला आत्याच्या गावी, पनागरला पाठवलं. आत्याचा पाय मुरगळला होता, मटारची तोडणी तोंडावर होती, घरात करणारं कोणी नव्हतं. हे सगळं खरं होतं. पण मला पाठवलं तुम्ही, आणि सहा दिवसांनी चाचांकडे जायचं होतं हे तुम्हाला माहीत होतं. "तू जा, तारा मी चढवून ठेवतो," असं म्हणाले. तुमच्या तोंडून इतकं गोड वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं, तेव्हाच समजायला पाहिजे होतं. पण मी भाबडी, मला बरं वाटलं. सहा दिवस मटार तोडले, आत्याचा पाय शेकला, आणि सहाव्या दिवशी सकाळच्या बसने निघून सरळ कमानिया गेटापाशी उतरले. तुमची दुसरी पाळी होती, म्हणून सकाळ मोकळी. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली गिटार घेऊन तुम्ही उभे होते. मी ती हातात घेतली तेव्हा मान जरा जड लागली. वाटलं, मटाराच्या टोपल्या उचलून हात भरून आलेत.

दुकानात चाचांनी चष्मा पुसला, गिटार उलटसुलट केली, सांधे बघितले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मोकळ्या तारा लावल्या, छान लागल्या. खालच्या पडद्यांवर वाजवलं, ठीक. मग त्यांचा हात वर गेला आणि सूर फाटला. पुन्हा लावली, पुन्हा फाटला.  मी स्वतः घेऊन वाजवलं. बाराव्या पडद्यावर सूर चढलेला होता, दगडालासुद्धा कळलं असतं. चाचांनी गिटार लुगड्यावर हळूच ठेवली. ते चांगले माणूस होते, मला दुखवायची त्यांची इच्छा नव्हती. "काम बहुत साफ है, बिटिया," म्हणाले, "लेकिन कान कच्चा है। कान का इलाज मेरे पास नहीं।"

आणि तुम्ही माझ्या शेजारी उभे होते. हातभर अंतरावर. तोंडात मिठाची गुळणी धरून. दुकानातल्या डग्ग्यांच्या चामड्याकडे बघत होते तुम्ही. मी रडायला लागले तरी तुम्ही डग्ग्यांकडेच बघत राहिले.

घरी आल्यावर तुम्ही जेवायला बसले आणि मी तुमचीच स्टीलची पट्टी घेऊन घोडी मोजली. एक सूत पुढे. बरोब्बर दुप्पट.

"बाबा, घोडी कोणी हलवली?"

"हलवली नाही. दुरुस्त केली."

"काहून?"

"एक सूत चुकली होती."

"ती चूक नव्हती! मी मुद्दाम ठेवली होती!"

"मुद्दाम केलेली चूक पण चूकच असते," तुम्ही म्हणाले, आणि वरण वाढायला ताट पुढे केलं. आईने वाढलं नाही. ती डाव हातात धरून म्हणाली, "अहो, पोरगी काय म्हणते ते एकदा ऐका तरी." तुम्ही म्हणाले, "कानाला काहीही ऐकू येतं. पट्टी खोटं बोलत नाही."

"मग चाचांना काहून नाही सांगितलं, घोडी मी बसवली म्हणून? तुमची पट्टी खोटं बोलत नाही ना? मग तुम्हाला काय झालं होतं बोलायला?"

 दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला, तुम्ही हात धुतले, सायकल काढली आणि गेले. मला माझी घोडी सापडली ती न्हाणीघरात, बंबाच्या लाकडांत. तिच्यावर लाल फुली होती. ती मी जपून ठेवली आहे. चाचांनी दोन महिन्यांनी बाहेरगावचा एक कारागीर आणून बसवला, आणि मी शाळेत शिवण शिकवायला लागले. लग्न झालं, संसार झाला, दर दिवाळीला तुमच्या पाया पडले. पण तुम्हाला काही बनवून दाखवलं नाही, एक पाटसुद्धा नाही. तुम्ही गेलात आणि महिन्याभरात मी तुमचंच टेबल उचलून घमापुरात आणलं, त्याच्यावरचे तुमच्या मापाचे सगळे खाचे रंध्याने साफ केले आणि काम सुरू केलं. लोकांना वाटलं, बापाची आठवण म्हणून पोरीने धंदा काढला. मी वाटू दिलं. दर गिटारीची घोडी मी एक सूत मागे बसवते, आणि दर वेळी सरस लावताना मनात म्हणते, बघा.

आणि घोडीचं झालं की मी मान दाखवायची. हा माझा धड्याचा दुसरा भाग. भिंतीवरची गिटार डोळ्यासमोर आडवी धरायची आणि म्हणायचं, आता ही मान बघ, सुतासारखी सरळ आहे की नाही? इथला मे महिना, इथली लू, इथला पावसाळा, सगळं खाल्लं हिने, केसभर वाकली नाही. बाबा म्हणाले होते दोन वर्षं नाही टिकायची. ही माझी मान. घोडी त्यांची, मान माझी. एवढं बोलून मी गप्प बसायची, म्हणजे ऐकणाऱ्याला जे समजायचं ते समजायचं. फक्त एक गोष्ट मी सांगत नव्हते. नंतर तशाच तीन पट्ट्यांच्या मी ज्या माना केल्या, त्यातल्या कितीतरी वाकल्या. दोन तर माझ्या दारात परत आल्या. मी लाकडाला शिव्या दिल्या, पूर्वीसारखं तून मिळत नाही म्हटलं, आणि शेवटी सगळे करतात तसा मानेत लोखंडी गज घालायला लागले. पण पहिलीला गज लागला नाही, हे मी छातीठोकपणे सांगत होते.

गेल्या महिन्यात उन्हाने तिच्या मानेवरची पडद्यांची पट्टी एका टोकाला उचलली. सरस सुटला होता. माझ्याकडे शिकायला येते ती मुलगी, बँकेतली नोकरी करून संध्याकाळी येते, ती त्या वेळी दुकानात चहा आणायला गेली होती. मी सुरी गरम केली आणि पट्टी उघडली. आत लोखंड होतं, बाबा; त्या सहा दिवसांत मान जड झाली ती ह्याने. पोलादाची अर्धा इंच रुंद पट्टी, माझ्या मानेच्या मधोमध खाच करून बसवलेली, इतकी घट्ट की फटीत कागद गेला नसता. कडा घासून गुळगुळीत केलेल्या. आणि तिच्या शेजारी माझ्या सागावर, तुमच्या निळ्या पेन्सिलीची बरोबरची खूण. शेपूट वळवलेली.

 ते पोलाद त्या वर्षी जबलपुरात कुठल्याही दुकानात मिळत नव्हतं, तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. शेजारच्या एका माणसाच्या डब्यात फाटकावर चार खिळे सापडले, तर तुम्ही रिपोर्ट लिहिला होता. चार खिळे! तो महिनाभर घरी बसला, आणि त्याची बायको आपल्या नळावर यायची बंद झाली. आणि तुम्ही स्वतः, त्याच फाटकातून, लढाईच्या दिवसांत, हे बाहेर आणलं? कुठे लपवलं होतं? पायजम्यात? सायकलच्या दांड्याला बांधून? चोर! मी खरंच मोठ्याने म्हणाले, रिकाम्या खोलीत. इतक्या वर्षांनी तुम्ही माझ्या हातात सापडले. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

पण त्या निळ्या खुणेचा राग मला जास्त आला. लाल फुली तुम्ही जगाला दिसेल तिथे मारायचे. पोळीवर, पुस्तकावर, तुळशीच्या कट्ट्यावर. माझी घोडी तर फुली मारून जळणात टाकली. आणि आयुष्यात एकदा माझं काही बरोबर निघालं, तर ती खूण पट्टीखाली? सरस लावून बंद करून? जिथे मी मेले असते तरी मला दिसली नसती? असं कौतुक तुमचं तुम्हालाच लखलाभ. आणि बरोबर होती तर लोखंड काहून घातलं? तुम्हाला माझ्या मानेवर भरवसा होता की नव्हता, हेसुद्धा तुम्ही मला कळू दिलं नाही. इतकी वर्षं मी लोकांना माझी म्हणून जी मान दाखवली, तिच्यात तुम्ही बसले होते. घोडीही तुमची आणि मानही तुमचीच, मग त्या गिटारीत माझं राहिलं काय?

चहा घेऊन ती मुलगी आत आली. तिने उघडी मान बघितली आणि ट्रे तसाच हातात धरून म्हणाली, "मावशी, पण तुम्ही तर म्हणायच्या, इसमें लोहा नहीं है."  ती वाकून बघत राहिली. "किती सफाईने बसवलंय," म्हणाली. "अपने हाथ से? त्या जमान्यात? तुम्हीच घातलं होतं का?"

सांगायला किती सोपं होतं. तुमची चोरी सांगून टाकायची, फाटक, खिळे, रिपोर्ट, सगळं. नाही तर नुसतं म्हणायचं, बाबांनी बसवलं. तीन शब्दसुद्धा नाहीत.

मी म्हटलं, "हो. मीच घातलं होतं."

तिने लोखंडावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी नजर मी त्या दिवशी चाचांच्या दुकानात तुमच्याकडून मागत होते. मी सरस गरम करायला ठेवला, निळ्या खुणेवर लावला आणि पट्टी बंद केली. घोडीला हात लावला नाही. गिटार परत भिंतीवर टांगली आहे. हा कागद मी लाल फुलीच्या घोडीबरोबर खणात ठेवून देणार आहे, तुम्हाला कुठे वाचायचा आहे. पण एक सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. ती मुलगी बोलत होती तेव्हा मी तिच्याकडे बघत नव्हते. मी चहाच्या ट्रेकडे बघत होते.